गाडी येईपर्यंतची मिनिटं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या बेसा भागातल्या एका ताईंचे यजमान बुटीबोरी एमआयडीसीत रात्रपाळीला असतात. घरात त्या, सासूबाई आणि लहान मुलगा. रात्री दीडच्या सुमारास कुणीतरी फाटकावरून आत उतरला आणि मागचं दार हलवू लागला. त्यांनी ११२ लावला. फोनपासून तेवीस मिनिटांनी पोलिसांची गाडी आली, तोवर माणूस पळाला होता. त्या विचारतात, एवढा वेळ लागणार असेल तर पोलिसांच्या भरवशावर राहायचं का, आणि घरात तलवार किंवा कोयता आणून ठेवला तर चालेल का?

ताई, तुम्ही दार उघडून बाहेर डोकावला नाहीत आणि फोन लावलात, हे अगदी बरोबर केलंत. तेवीस मिनिटं जास्त आहेत. पोलीस खात्यात नोकरी केली, नियंत्रण कक्षात आणि रात्रगस्तीवर दोन्हीकडे होतो, म्हणून त्याचं समर्थन करणार नाही. पण ती मिनिटं कुठे जातात हे तुम्हाला कळलं पाहिजे, कारण त्यातली काही तुम्हाला परत मिळवता येतात. उरलेली कशी काढायची याची तयारी आजपासून करता येते. तलवारीचा प्रश्न त्यानंतरचा.

आधी ११२ चालतो कसा ते बघू. महाराष्ट्रात ही व्यवस्था २०२१ मध्ये सुरू झाली. मुख्य केंद्र नवी मुंबईत महापे इथे आहे आणि दुसरं केंद्र आपल्या नागपुरात. तुम्ही बेशातून केलेला फोन नागपूरच्या माणसाने उचलला असेल असं गृहीत धरू नका, तो नवी मुंबईतही उचलला गेलेला असू शकतो. फोन घेणारी व्यक्ती माहिती टिपून घेते, ती घटना शहर पोलिसांच्या नियंत्रण कक्षात जाते. तिथला कर्मचारी जीपीएसवर जवळची मोकळी गाडी बघतो आणि गाडीतल्या टॅबसारख्या यंत्रावर घटना पाठवतो. गाडीवाले ती स्वीकारतात, निघतात, पोहोचल्यावर नोंद करतात आणि शेवटी काय कारवाई केली ते लिहितात. प्रत्येक टप्प्याची वेळ नोंदली जाते. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

आता नवी मुंबईत बसलेल्या मुलीला तुम्ही सांगितलंत, ‘बेशाच्या पॉवर हाऊसच्या मागे, साई मंदिराजवळ.’ तिला यातलं काय कळणार? आणि तिला कळलं नाही तर गाडीच्या यंत्रावर काय उमटणार? बेसा, पिपळा, बेलतरोडी, शंकरपूर, हुडकेश्वर या सगळ्या बाजूला शहर लेआउट-लेआउटने वाढलं. एका गृहनिर्माण संस्थेचा लेआउट संपतो तिथे दुसरीचा सुरू होतो, प्लॉट नंबर दोन्हीकडे एकपासून. साईनगर, गणेशनगर, शिवाजीनगर ही नावं शहरात किती ठिकाणी आहेत ते तुम्हीच बघा. रात्रगस्तीला असताना वेळ खाल्ला तो रस्त्यापेक्षा पत्त्याने. रात्री दोनला मोकळ्या रस्त्यावर गाडी पाच-सहा किलोमीटर सहज कापते आणि शेवटच्या दोनशे मीटरसाठी तीन गल्ल्यांतून मागेपुढे करत बसते. घरावर नंबर नाही, असला तर वेलीखाली झाकलेला, गल्लीत दिवा नाही, कुत्री भुंकताहेत आणि फोन करणाऱ्याचा फोन एंगेज. तो नातेवाइकांना सांगत असतो.

त्यात नागपूरची रचना. रेल्वेमार्गांनी शहर कापलेलं आहे. मनीषनगर आणि वर्धा रोड नकाशावर एकमेकांना चिकटलेले दिसतात, पण मधे रूळ आहेत. सरळ रेषेत जवळची गाडी रुळांच्या पलीकडे असली तर तिला वळसा घालूनच यावं लागतं. हे तुमच्या हातात नाही. पत्ता आहे.

म्हणून आज एक काम करा. पत्ता असा लिहा की नागपूर कधी न पाहिलेल्या माणसाला कळेल: शहराचं नाव, भाग, पोलीस ठाण्याची हद्द, संस्थेचं आणि लेआउटचं पूर्ण नाव, प्लॉट नंबर, आणि मोठ्या रस्त्यावरून वळायची खूण. खूण सर्वांना माहीत असलेली हवी, म्हणजे शाळा, पेट्रोल पंप, पाण्याची टाकी. महावितरणच्या खांबावर नंबर असेल तर तो टिपून ठेवा. वर्धा रोड, कामठी रोड, हिंगणा रोड अशा मेट्रोच्या मार्गावर असाल तर खांबाचा नंबर सांगा, त्याहून नेमकी खूण त्या रस्त्यावर दुसरी नाही. महामार्गावर असाल तर किलोमीटरचा दगड. हा कागद फ्रिजवर लावा, सासूबाईंना दोनदा मोठ्याने वाचायला लावा, मुलाला पाठ करायला लावा. पोराला कविता पाठ होते तसा पत्ताही होतो. फाटकावर प्लॉट नंबर हातभर उंचीचा रंगवून घ्या, रात्री चमकणाऱ्या रंगात.

फोनवर बोलताना क्रम महत्त्वाचा. आधी जागा. कारण फोन मधेच तुटला, कुणी हिसकावला, बॅटरी संपली तर जागा तरी गेलेली असेल. मग काय चाललंय ते आत्ताच्या काळात: ‘एक माणूस मागचं दार तोडतोय, आत्ता, घरात बाई, म्हातारी आणि मूल आहे.’ मग हातात काही आहे का, किती जण, कुणी जखमी आहे का. नाव सगळ्यात शेवटी. बरेच लोक उलटं करतात, ‘हॅलो, मी अमुक बोलतेय, आमच्याकडे ना गेले दोन दिवस...’ अशी सुरुवात होते. दुसरं असं की आपल्याकडे मोठी गोष्ट लहान करून सांगायची सवय आहे. ‘भांडण चालू आहे’ एवढंच कानावर आलं तर ती घटना डीजेच्या तक्रारीशेजारी जाऊन बसते. ‘हातात चाकू आहे, रक्त येतंय’ म्हटलं की तीच घटना वर जाते. खोटं वाढवून कधीच सांगू नका, लोकसेवकाला खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे आणि तुमच्या खोट्या फोनवर निघालेली गाडी दुसऱ्या कुणाच्या दारातून हललेली असते. पण आहे ते पूर्ण सांगा.

प्रश्न विचारत बसतात आणि गाडी पाठवत नाहीत, ही तक्रार मी खूप ऐकली. जागा आणि प्रकार कळला की घटना पुढे पाठवता येते, बाकीची उत्तरं त्यामागून जोडली जातात. म्हणून चिडून फोन ठेवू नका. फोन संपल्यावर पुढची काही मिनिटं लाइन मोकळी ठेवा, गाडीवाले पत्ता विचारायला फोन करतात. आणि तुम्ही लपून बसला असाल, बोलता येत नसेल, तर पहिलं काम रिंगटोन बंद करण्याचं. न बोलता तुटलेल्या कॉलवर केंद्रातून परत फोन येतो, तो वाजला तर तुमची जागा बाहेरच्याला कळेल. बोलणं शक्य नसताना ‘११२ इंडिया’ हे ॲप बरं, ते जीपीएसवरून जागा पाठवतं. टॉवरवरून मिळणारं ठिकाण मोकळ्या वस्तीत बरंच ढोबळ असतं. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलला आपत्कालीन बटणाची सोय असावी असा केंद्राचा नियम आहे. साध्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर बहुधा पॉवरचं बटण पटापट दाबायचं. तुमच्या फोनवर किती वेळा दाबायचं ते सेटिंगमध्ये आजच बघा. सासूबाईंच्या फोनवर आधी बघा.

आता एक गोष्ट जी पोलीस आणि नागरिक दोघांनाही ऐकायला आवडत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅन्सस सिटी इथे पोलिसांच्या पोहोचण्याच्या वेळेचा मोठा अभ्यास झाला. त्यात दिसलं की एकूण वेळेतला मोठा भाग गाडीच्या प्रवासात जात नव्हता, तर घटना घडल्यापासून कुणीतरी पोलिसांना फोन लावेपर्यंत जात होता. त्यानंतर जॅक्सनव्हिल, पिओरिया, रॉचेस्टर आणि सॅन दिएगो या चार शहरांत पुन्हा तपासलं, तेव्हा गंभीर गुन्ह्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांत ‘लवकर पोहोचल्यामुळे अटक’ असं म्हणता आलं. बहुतेक गुन्हे आधीच घडून गेलेले असतात, नंतर उघडकीला येतात. अलीकडे इंग्लंडमध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या नोंदींवरून वेगळं चित्रही पुढे आलं आहे, की पोलीस लवकर पोहोचले तर गुन्हा उलगडण्याची शक्यता खरोखर वाढते. म्हणजे गाडीचा वेग निरुपयोगी नाही. पण फोन उशिरा झाला तर तो वेग कशाला पुरणार?

आपल्याकडे हा उशीर कसा होतो ते मी सांगतो. आवाज येतो. आधी वाटतं मांजर असेल. मग नवऱ्याला फोन. तो बुटीबोरीहून काय करणार, तो भावाला फोन करतो. मग कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज, ‘आमच्या मागे कुणी आहे का?’ वीस जण वाचतात, पाच जण ‘काय झालं?’ विचारतात आणि प्रत्येकाला वाटतं की ११२ दुसऱ्याने लावला असेल. ताई, तुमचं असं झालं असं मी म्हणत नाही. पण दार हलल्यापासून फोन लावेपर्यंत किती वेळ गेला, ते शांतपणे आठवून बघा. नियम साधा ठेवा: दाराला हात लागला की ११२, बाकी सगळे फोन नंतर. ग्रुपवर लिहायचं ते ‘मी ११२ लावलाय, तुम्ही पण लावा, गॅलरीतले दिवे लावा’ असं. एकाच घटनेचे चार फोन आले तर बिघडत नाही, उलट जागा पक्की होते.

त्या मिनिटांत घरात काय करायचं? ही खरी तयारी आणि यात शस्त्राला फार थोडी जागा आहे. एक खोली ठरवा, जिचं दार जाड आहे आणि आतून कडी लागते. बहुतेक घरांत आतल्या दारांना एवढीशी चिटकणी असते, तिथे वर आणि खाली दणकट कड्या बसवा, मोठा खर्च नाही. चार्जर, टॉर्च, शिट्टी आणि सासूबाईंची औषधं त्याच खोलीत. आवाज आला की तिघं आत, कडी, फोन. मग आवाज करा. थाळी वाजवा, ओरडा, नावं घेऊन शेजाऱ्यांना हाका मारा. चोराला अंधार आणि शांतता हवी असते, त्यातलं एक जरी गेलं तरी बहुतेक जण निघून जातात. मागच्या बाजूला हालचालीवर लागणारा दिवा बसवा.

नागपूरपुरती एक सूचना देतोच, कारण ती दरवर्षी द्यावी लागते. कूलर. मार्चमध्ये आपण खिडकीची जाळी काढतो किंवा कापतो आणि डेझर्ट कूलर लावतो. बाहेरच्या स्टँडवरचा तो कूलर ओढला की माणूस जाईल एवढी वाट मोकळी होते. शिवाय कूलरच्या आवाजात कडी तुटल्याचं ऐकू येत नाही आणि उन्हाळ्यात निम्मी कॉलनी गावाला गेलेली असते. कूलरच्या मागून लोखंडी चौकट बोल्ट लावून भिंतीत पक्की करा. तळमजल्यावर तर हे केल्याशिवाय कूलर लावूच नका.

आता तलवार आणि कोयता. तलवार, गुप्ती असली हत्यारं घरात ठेवली तर भारतीय हत्यार कायद्याच्या कलम ४ आणि २५ खाली गुन्हा दाखल होतो. ऑनलाइन मिळते म्हणून ती कायदेशीर होत नाही. शोभेची आहे हे सांगूनही सुटका होत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी मी नाहीच म्हणेन. हत्यार हातात असलं की माणूस कडी उघडून बाहेर जातो. झोपेतून उठलेली, घाबरलेली व्यक्ती आणि चोरी करायला तयारीने आलेला माणूस, यांच्या झटापटीत ते कुणाच्या हाती जाईल ते मी पंचनाम्यांत वाचलं आहे. घरात लहान मूल आहे हे वेगळंच. पेपर स्प्रे ठेवायला हरकत नाही, कायद्याने बंदी नाही. मात्र बंद खोलीत मारलात तर तुम्हालाही तेवढाच लागेल, आणि बाहेर वाऱ्याची दिशा बघावी लागते.

स्वतःला वाचवायचा हक्क तुम्हाला पूर्ण आहे, हे मात्र ठामपणे सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ यासाठीच आहेत. कलम ३७ म्हणतं की सरकारी यंत्रणेची मदत घेण्याइतका वेळ असेल तिथे हा हक्क मिळत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. म्हणजे कायदा नेमक्या याच मिनिटांबद्दल बोलतोय. मदत मागितली आहे, ती अजून पोहोचलेली नाही आणि माणूस दार तोडून आत आलाय, तेव्हा तुमचा हक्क जिवंत असतो. जीव जाण्याची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची, ॲसिड हल्ल्याची वाजवी भीती असेल तर कलम ३८ नुसार तो हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत जातो. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणाऱ्या घरफोडीबाबत कलम ४१ आहे. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की कायदा कुणाकडून भित्रेपणाची अपेक्षा करत नाही, आणि त्या क्षणी केलेला प्रतिकार सोन्याच्या तराजूत तोलता येत नाही. पण तो पळायला लागला, फाटकाबाहेर गेला, की हक्क संपला. मागे धावून मारलंत तर आरोपी तुम्ही. कॉलनीने पकडून खांबाला बांधून मारला तर आरोपी कॉलनी. पकडलाच तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे विनाविलंब, जास्तीत जास्त ६ तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. यासाठीही ११२ चा फोन आधी केलेला बरा. ‘आम्ही मदत मागितली होती’ याची वेळेसकट नोंद तुमच्या बाजूने राहते.

घराबाहेर रात्री अडकलात तर तोच ११२. हैदराबादच्या सामूहिक बलात्कार आणि खुनाच्या घटनेनंतर डिसेंबर २०१९ मध्ये नागपूर पोलिसांनी रात्री ९ ते पहाटे ५ या वेळेत एकट्या अडकलेल्या महिलांना घरी सोडण्याची मोफत सेवा सुरू केली होती. अशी मदत मागायला लाज वाटू देऊ नका. रेल्वेत १३९, राष्ट्रीय महामार्गावर १०३३, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. कुणी जखमी असेल तर १०८ वेगळा लावा. भोसकलेलं हत्यार अंगात असेल तर उपसू नका, बाजूने कापड दाबून धरा. अनोळखी जखमीला मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत नेणाऱ्याला अडकवतात, ही भीती अजून आहे. रस्ते अपघाताच्या बाबतीत मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं आहे, मदत करणाऱ्याला त्याचं संरक्षण आहे.

राहिली ती तुमची तेवीस मिनिटं. पोलीस उशिरा येतात हे वेगळं आणि येतच नाहीत, ऐकतच नाहीत असं वस्तीला वाटणं वेगळं. त्याचा शेवट या शहराने पाहिला आहे. १३ ऑगस्ट २००४ ला जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावाने एका गुंडाला ठार केलं. वर्षानुवर्षं सांगूनही कुणी ऐकलं नाही, असं त्या वस्तीचं म्हणणं होतं. म्हणून तुमची तक्रार मी किरकोळ समजत नाही आणि तुम्हीही समजू नका.

चोर पळाला, काही गेलं नाही, म्हणून गप्प बसू नका. घरफोडीचा प्रयत्न हाही दखलपात्र गुन्हा आहे. ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक ठरवलं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुणाचीही असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. ऑनलाइन दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करायची. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. दाराची कडी अजून दुरुस्त केली नसेल तर आधी फोटो काढा. शेजारच्या कॅमेऱ्याचं चित्रण आजच मागून घ्या, बहुतेक घरगुती यंत्रांत काही दिवसांनी जुन्यावर नवं चढतं.

मग परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांच्या नावे एका पानाचा अर्ज लिहा. तारीख, तुम्ही फोन केल्याची वेळ, ज्या नंबरवरून केला तो नंबर, गाडी आली ती वेळ. मागायचं एवढंच: या घटनेच्या प्रत्येक टप्प्याच्या वेळा. फोन कधी उचलला, नियंत्रण कक्षाकडे कधी आला, गाडीला कधी दिला, गाडीने कधी स्वीकारला, ती तेव्हा कुठे होती, दारात कधी पोहोचली. उत्तर आलं नाही तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात तेच मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या वेळा हातात आल्या की बोट नेमकं ठेवता येतं. गाडी दूर होती तर रात्रीच्या गस्तीचं ठिकाण तुमच्या बाजूला सरकवण्याची मागणी करा, कॉलनीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन. गाडी लवकर निघाली आणि तुमच्या लेआउटमध्ये फिरत राहिली असेल तर गल्ल्यांच्या पाट्या आणि दिवे यांचा अर्ज स्थानिक स्वराज्य संस्थेकडे द्या आणि तोच नकाशा ठाण्यात नेऊन बीट हवालदाराला, म्हणजे तुमचा भाग ज्याच्याकडे आहे त्याला, द्या. त्याच भेटीत सासूबाईंचं नाव ज्येष्ठ नागरिकांच्या नोंदवहीत घालून घ्या, आणि यजमान कोणत्या आठवड्यात रात्रपाळीला असतात तेही त्या बीटवाल्याला सांगून ठेवा.